द्राक्षमण्याचा हिरवेपणा कोण ठरवतो?

ऑक्टोबर छाटणीनंतर दीड-दोन महिन्यांनी निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंतच्या बागांत डिपिंगची लगबग सुरू होते. थॉमसन सीडलेसचा मणी 3-4 मिलिमीटरचा झाला की एकेक घड जीए आणि सीपीपीयू या संप्रेरकांच्या द्रावणात बुडवून काढायचा. 6-7 मिलिमीटरला पुन्हा एकदा. सीपीपीयूची मात्रा अवघी 1-2 पीपीएम, म्हणजे 10 लाख भागांत एक-दोन भाग. एवढ्याशा औषधाने मणी फुगतो, साल जाड होते आणि हिरवेपणा लांबतो. खतासारखे पोषण यात काहीच नाही. संप्रेरक हा पेशीला दिलेला आदेश असतो, आणि तो थेट जनुकांपर्यंत पोचतो.

मण्याचा हिरवा रंग हरितलवकांत असतो. हरितलवकाला स्वतःची जनुके आहेत. द्राक्षाच्या हरितलवकाचा सुमारे 1 लाख 61 हजार डीएनए-अक्षरांचा संपूर्ण आराखडा 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. मात्र हरितलवकाला लागणाऱ्या अंदाजे 3,000 प्रथिनांपैकी जेमतेम 80 तिथे तयार होतात. बाकीच्या प्रथिनांची जनुके पेशीच्या केंद्रकात असतात. म्हणून हरितलवक वाढवायचे की मोडायचे, याचा बराचसा निर्णय केंद्रकात होतो, आणि संप्रेरकांचा शब्द तिथेच चालतो.

जीए, म्हणजे जिबरेलिन, सापडले भाताच्या रोगातून. 1926 मध्ये एइची कुरोसावा यांनी दाखवले की भाताची रोपे उंच, फिकी करून लोळवणाऱ्या बुरशीच्या द्रवातही तीच ताकद असते. दुसरे संप्रेरक सायटोकायनिन. फोल्के स्कूग आणि कार्लोस मिलर यांच्या गटाने 1955 मध्ये कायनेटिन वेगळे केले. दोनच वर्षांत, तोडलेले पान त्यामुळे हिरवे राहते हे दिसले. सीपीपीयू हे याच कामाचे कृत्रिम रसायन. नैसर्गिक सायटोकायनिन मोडणारे विकर त्याला सहजी मोडू शकत नाही, म्हणून त्याचा परिणाम टिकतो.

यातला सर्वांत महत्त्वाचा दुवा मोहरीच्या कुळातल्या अरबिडॉप्सिसवर सापडला. सायटोकायनिनचा संदेश पेशीतल्या ग्राहकापासून फॉस्फेटच्या साखळीने केंद्रकात जातो आणि जीएनसीसारख्या नियंत्रक जनुकांना जागे करतो. ती जागी झाली की हरितद्रव्याचे उत्पादन वाढते. जिबरेलिन त्याच जीएनसीला दाबते. डिपिंगच्या बादलीत आपण या दोघांना एकत्र कालवतो. वाढरोधक सीसीसी मारल्यावर पाने गडद का होतात, याचे उत्तरही इथे सापडते: सीसीसी झाडातले जिबरेलिन बनू देत नाही. याच सीसीसीच्या अंशामुळे 2010 मध्ये युरोपात भारतीय द्राक्षे अडली होती.

हिरवेपणाची किंमतही असते. सीपीपीयू जास्त झाले की मण्यात पाणी उतरायला, म्हणजे तो पिकू लागायला, उशीर होतो आणि साखर मागे राहते. युरोपच्या खरेदीदाराला हिरवा मणी हवा असतो, पण गोडीही हवी असते. म्हणून प्रमाण आणि वेळ हे दोनच खरे निर्णय आहेत. शेजारच्या बागेची मात्रा उचलण्यापेक्षा आपल्या मण्याचा व्यास, घडांची संख्या आणि पानांची ताकद पाहूनच डिपिंग ठरवावे. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या शिफारशी त्यासाठी हाताशी आहेत. मण्यांच्या सालीतली जनुके डिपिंगआधी आणि नंतर मोजण्याचे प्रयोग नाशिकच्या बागांत, इथल्या थंडीत, मोठ्या प्रमाणावर व्हायला हवेत. आदेश देणाऱ्या हाताला त्याचा अर्थ कळला, तर औषध कमी लागेल आणि माल चांगला येईल.