वित्तीय व्यवहारांची इलेक्ट्रॉनिक संदेश-मानके : अभ्याससाधने आणि अभ्यासक्रम

प्रस्तावना
रोखे बाजारातील व्यवहार पूर्वी दूरध्वनीवरून आणि बाजाराच्या रिंगणात आरोळ्या देऊन होत. आज गुंतवणूक संस्था, दलाल आणि बाजार यांच्यातील संवाद प्रामुख्याने संगणकीय संदेशांद्वारे होतो. या संदेशांचे जगभर प्रचलित मानक म्हणजे ‘फायनान्शियल इन्फर्मेशन एक्स्चेंज’, संक्षेपाने ‘फिक्स’ होय. फिडेलिटी इन्व्हेस्टमेंट्स आणि सॉलोमन ब्रदर्स या अमेरिकन संस्थांमधील समभाग व्यवहारांसाठी १९९२ मध्ये त्याचा आरंभ झाला. बाजार हा वाणिज्य शाखेचा विषय, तर संदेशवहन संगणकशास्त्राचा. दोहोंच्या सीमेवरील हे मानक दोन्हींकडून सुटण्याचा संभव असतो. त्याच्या अभ्यासाची विनामूल्य साधने कोणती व ती कोणत्या क्रमाने हाताळावीत, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

संदेशाची रचना
‘फिक्स’चा पारंपरिक संदेश म्हणजे ‘क्रमांक=मूल्य’ अशा जोड्यांची मालिका असते. ३५ हा क्रमांक संदेशाचा प्रकार दर्शवितो; ‘३५=डी’ म्हणजे नवीन मागणी, तर ‘३५=८’ म्हणजे तिच्या अंमलबजावणीचा अहवाल. ‘५४=१’ खरेदी, ‘५४=२’ विक्री; ‘३८=१००’ म्हणजे शंभर नग; ‘४०=२’ म्हणजे मर्यादित किमतीची मागणी आणि ‘४४=२५०’ ही ती किंमत. शेवटी क्रमांक १० मध्ये पडताळा अंक येतो. त्यापूर्वीच्या सर्व चिन्हांच्या संकेतांकांची बेरीज करून तिला २५६ ने भागले असता उरणारी बाकी म्हणजे हा अंक. असा एक संदेश विद्यार्थ्यांकडून हाताने सोडवून घेतल्यास पुढील वाचन सुकर होते.

साधने व त्यांचा क्रम
१) मूळ विनिर्देश : ‘फिक्स ट्रेडिंग कम्युनिटी’ ही संस्था तो विनामूल्य उपलब्ध करून देते. ग्रंथ विस्तृत असल्याने तो आद्यंत वाचणे श्रेयस्कर नाही. ४.२ किंवा ४.४ ही आवृत्ती घ्यावी. त्यातील सत्रविषयक भाग आणि नवीन मागणी, मागणी रद्द करणे व अंमलबजावणी अहवाल हे तीन संदेश प्रथम अभ्यासावेत.

२) मुक्त संगणक प्रणाली : सी++ भाषेतील ‘क्विकफिक्स’ आणि जावा भाषेतील ‘क्विकफिक्स/जे’ या प्रणाली मुक्त स्रोत स्वरूपात मिळतात. दुसरीसोबत ‘बॅन्झाय’ हा मागणी पाठविणारा आणि ‘एक्झिक्युटर’ हा ती स्वीकारणारा असे नमुना कार्यक्रम येतात. बाजाराचे सदस्यत्व नसतानाही एकाच संगणकावर दोन्ही बाजू चालविता येतात.

३) संदेश-नोंदवही : प्रणाली प्रत्येक संदेशाची नोंद ठेवते. खरे शिक्षण येथेच घडते. प्रत्येक संदेशास अनुक्रमांक असतो (क्रमांक ३४). अपेक्षेहून मोठा अनुक्रमांक आल्यास मधले संदेश गहाळ झाले असे समजून पुनर्प्रेषणाची विनंती केली जाते. मात्र दहा मिनिटांपूर्वीची मागणी जशीच्या तशी पुन्हा पाठविणे धोक्याचे असते, कारण दरम्यान किंमत बदललेली असू शकते. म्हणून प्रेषकास ती वगळून केवळ रिक्त अनुक्रमांक भरून काढण्याची मुभा आहे. पुन्हा पाठविलेल्या संदेशावर ‘४३=वाय’ ही खूण असते. ती दुर्लक्षिल्यास एकच खरेदी दोनदा होण्याचा धोका संभवतो. प्रयोगशाळेत मुद्दाम जोडणी तोडून हा प्रसंग दाखवावा.

४) बाजारांचे स्वतःचे दस्तऐवज : प्रत्येक संस्था मानकात स्वतःची भर घालते. भारतातील राष्ट्रीय शेअर बाजार व मुंबई शेअर बाजार यांचे थेट जोडणीसाठी स्वतःचे द्विमान संदेश-स्वरूप आहे. मुंबई शेअर बाजाराच्या ‘एन्हान्स्ड ट्रेडिंग इंटरफेस’ची बांधणी निराळी असली, तरी त्यातील संदेशांचा अर्थ ‘फिक्स’वरच आधारलेला आहे. त्यामुळे प्रथम ‘फिक्स’ व नंतर हे दस्तऐवज, हा क्रम इष्ट ठरतो.

समारोप
या विषयात साधनांची टंचाई नाही. उणीव आहे ती क्रमाची. महागड्या प्रशिक्षणाआधी मूळ विनिर्देश, मुक्त प्रणाली आणि नोंदवही यांचा आधार घेतल्यास महाविद्यालयातील साध्या संगणक कक्षातही हा विषय शिकविता येतो. वाणिज्य शाखेच्या अध्यापकाने मागणीचा अर्थ आणि संगणकशास्त्राच्या अध्यापकाने तिचा प्रवास समजावून द्यावा. चुकीच्या एका अंकाने कोणाची तरी रक्कम पणास लागते, ही जाणीव विद्यार्थ्यांत रुजविण्यासाठी या दोहोंचे सहकार्य आवश्यक आहे.