टेबल मेघांत, किल्ली आपल्या हाती

२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी सुरू झाली. अत्यावश्यक सेवा म्हणून बँकांच्या शाखा उघड्या राहिल्या. परंतु असंख्य उद्योगांची, सनदी लेखापालांची आणि सेवासंस्थांची कार्यालये बंद झाली. माणसे घरी अडकली आणि त्यांचे काम कार्यालयातील संगणकात अडकले. ज्यांनी घाईघाईने फाइली पेन ड्राइव्हमध्ये भरून नेल्या, त्यांचे काम चालले खरे. पण त्यांच्या ग्राहकांची माहितीही त्याबरोबर घरोघरी पोहोचली. काम घरी व्हावे आणि माहिती मात्र संस्थेच्या कुलपाबाहेर जाऊ नये, हे कसे साधावे? या प्रश्नाचे एक उत्तर म्हणजे ‘आभासी डेस्कटॉप’ होय.

लॉकरचे उदाहरण

बँकेच्या वाचकास ही संकल्पना समजण्यासाठी लॉकरचे उदाहरण पुरेसे आहे. दागिने बँकेच्या सुरक्षित कक्षात असतात. ग्राहक येतो, आपला कप्पा उघडतो, काम झाले की बंद करून जातो. आभासी डेस्कटॉपमध्ये कर्मचाऱ्याचा संपूर्ण संगणक, म्हणजे विंडोज, लेखा-आज्ञावली, फाइली हे सारे, सेवादात्या कंपनीच्या डेटा केंद्रात चालते. यालाच क्लाउड अर्थात मेघसंगणन म्हणतात. कर्मचाऱ्यासमोरील यंत्रावर येते ते त्या संगणकाच्या पडद्याचे चित्र, आणि तेथून जातात ते कळफलकाचे ठोके व माउसच्या हालचाली. व्यवस्था नीट केलेली असेल तर लॅपटॉप हरवला तरी यंत्र जाते, माहिती जात नाही.

एका मोठ्या यंत्रात अनेक आभासी संगणक चालविण्याची युक्ती नवी नाही. आयबीएमने १९७२ मध्येच तशी प्रणाली बाजारात आणली होती. क्लाउडवरील डेस्कटॉपची सेवा ॲमेझॉनने नोव्हेंबर २०१३ मध्ये जाहीर केली. मायक्रोसॉफ्टची सेवा सप्टेंबर २०१९ मध्ये सर्वांसाठी खुली झाली व २०२१ पासून ती ‘ॲझुर व्हर्च्युअल डेस्कटॉप’ या नावाने ओळखली जाते. बँकिंग क्षेत्रास हा बदल ओळखीचा वाटावा. कोअर बँकिंगमुळे ग्राहक एका शाखेचा न राहता बँकेचा झाला, खाते शाखेच्या खतावणीतून केंद्रीय सर्व्हरवर गेले. आता त्याच वाटेने कर्मचाऱ्याचे टेबल जात आहे.

आधी माणसे मोजावीत

पुष्कळ संस्था प्रथम यंत्रांचे दर विचारतात. खरे पाहता प्रथम माणसे मोजावयास हवीत, आणि तीही कामानुसार. केवळ नोंदी भरणारा लिपिक, दिवसभर तक्ते व पत्रे हाताळणारा अधिकारी आणि आज्ञावली लिहिणारा अभियंता यांची गरज सारखी नसते. एकच यंत्र अनेकांनी वाटून घ्यावयाचे असेल तर मायक्रोसॉफ्टच्या मार्गदर्शनानुसार एका आभासी प्रोसेसरमागे हलक्या कामाची सहा, मध्यम कामाची चार व जड कामाची दोन माणसे बसतात. समजा, मध्यम कामाची शंभर माणसे आहेत. आठ प्रोसेसरच्या एका यंत्रावर बत्तीस जण बसतात. तीन यंत्रांवर शहाण्णव. म्हणून चार यंत्रे घ्यावी लागतात. त्यांपैकी एक बंद पडले तरी जवळजवळ सर्वांचे काम चालू राहते, हा त्यातील आनुषंगिक लाभ होय.

त्यानंतर एक ‘आदर्श प्रत’ तयार करावी. तिच्यात सर्व आवश्यक आज्ञावल्या, देवनागरी टंक व इनस्क्रिप्ट कळफलक बसवून घ्यावेत. सर्वांचे डेस्कटॉप त्या एकाच प्रतीवरून निघतात. प्रत्येकाच्या वैयक्तिक मांडण्या वेगळ्या साठवाव्यात, म्हणजे आज या यंत्रावर व उद्या त्या यंत्रावर बसले तरी कर्मचाऱ्यास आपलेच टेबल दिसते.

लहान वाटणाऱ्या अडचणी

मोठे आराखडे बहुधा लहान गोष्टींवर अडतात. क्लाउडवरील यंत्राचे घड्याळ अनेकदा जागतिक प्रमाणवेळेवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे लावलेले असते. ते न सुधारल्यास पहाटे पाच वाजता केलेल्या नोंदीवर आदल्या दिवसाची तारीख पडते. हिशेबाच्या जगात ही चूक लहान नव्हे. छपाईयंत्र, स्कॅनर, डिजिटल स्वाक्षरीचा टोकन ही साधने कर्मचाऱ्याजवळ असतात आणि त्याचा संगणक दूर असतो. त्यांची जोडणी प्रत्यक्ष वापरून पाहिल्याशिवाय गृहीत धरू नये.

दूरसंचार जोडणीचेही तसेच. मध्यम कामासाठी प्रत्येक माणसामागे सुमारे तीन एमबीपीएस वेग हाताशी असावा. वेगाइतकाच विलंब महत्त्वाचा: संदेश जाऊन परत येण्यास दीडशे मिलिसेकंदांहून अधिक काळ लागू लागला की अक्षरे बोटांच्या मागे राहतात आणि कर्मचारी वैतागतो. शिवाय पूर्वी एक संगणक बिघडला तर एकाचे काम थांबे. आता जोडणी तुटली तर संपूर्ण कार्यालय थांबते. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या जोडण्या ठेवणे हा यावरील उपाय होय.

मीटर चालूच असते

क्लाउडचे देयक विजेच्या देयकासारखे, वापरावर येते. तीस दिवसांच्या महिन्यात ७२० तास असतात. कार्यालय चोवीस दिवस, रोज दहा तास चालत असेल तर प्रत्यक्ष वापर २४० तासांचा, म्हणजे केवळ एकतृतीयांश. उरलेल्या वेळी यंत्रे आपोआप बंद होण्याची व्यवस्था न केल्यास रिकाम्या खुर्च्यांचे भाडे भरावे लागते. येथे एक खाच आहे. ॲझुरवरील यंत्र विंडोजमधून नुसते बंद केले तर त्याचे भाडे थांबत नाही. सेवादात्याच्या नियंत्रण-पृष्ठावरून ते मोकळे करावे लागते. साठवणीचा आकार तर त्यानंतरही चालूच राहतो.

दोन किल्ल्या

लॉकर उघडण्यास दोन किल्ल्या लागतात, एक बँकेची व दुसरी ग्राहकाची. येथेही तसेच आहे. इमारत, वीज व मूळ यंत्रे यांची जबाबदारी सेवादात्याची. कोणास प्रवेश द्यावयाचा व त्यास काय करू द्यावयाचे, ही संस्थेची. परवलीच्या शब्दासोबत दुसरा पुरावा सक्तीचा असावा. यंत्रांकडे इंटरनेटवरून थेट येणारे दार उघडे ठेवू नये. पडद्यावरील मजकूर उचलून स्वतःच्या लॅपटॉपवर उतरविण्याची मुभा राहिली, तर लॉकरचे दार सताड उघडे ठेवल्यासारखेच झाले. शाखेच्या किल्ल्यांचा दुसरा संच जसा अन्यत्र सुरक्षित ठेवतात, तशी प्रशासकाची दोन आणीबाणीची खाती स्वतंत्र ठेवावीत.

एकच आदर्श प्रत सोयीची असते तशी धोक्याचीही. १९ जुलै २०२४ रोजी एका सुरक्षा-आज्ञावलीच्या सदोष सुधारणेमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक ठप्प झाले. म्हणून प्रत्येक बदल आधी मोजक्या जणांना द्यावा, दोन-चार दिवस पाहावे आणि मगच सर्वांना द्यावा.

वित्तीय संस्थांना अधिक काटेकोर राहावे लागते. रिझर्व्ह बँकेचे माहिती तंत्रज्ञान सेवांच्या बाह्यस्रोतासंबंधीचे निर्देश १० एप्रिल २०२३ रोजी निघाले व १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाले. काम बाहेर दिले तरी जबाबदारी संस्थेचीच राहते, हे त्यांचे सार होय. तेव्हा माहिती व तिच्या राखीव प्रती कोणत्या देशात राहतील, तपासणीचा अधिकार कोणास असेल आणि उद्या सेवादाता बदलावयाचा झाल्यास माहिती कशी परत मिळेल, हे करारातच लिहून घ्यावे.

प्रारंभ लहान असावा

ज्या संस्थेत पाच-दहा माणसे एकाच खोलीत बसतात, तिला या खटाटोपाची गरज बहुधा नाही. ज्यांचे कर्मचारी अनेक गावी विखुरले आहेत व ज्यांच्या हाती इतरांची माहिती आहे, त्यांनी एका विभागातील दहा-बारा जणांपासून आरंभ करावा, महिनाअखेरीचा एक ताळेबंद त्यावर पार पाडून पाहावा आणि मगच पुढचे पाऊल टाकावे. ज्या दिवशी यातील एक लॅपटॉप हरवेल व प्रमुख शांतपणे फक्त त्याचे प्रवेश-खाते बंद करू शकतील, त्या दिवशी व्यवस्था खऱ्या अर्थाने उभी राहिली असे समजावे. २०२० मध्ये अनेकांना तहान लागल्यावर विहीर खणावी लागली. आता तशी घाई नाही, आणि विहीर खणण्यास हीच वेळ योग्य.