लॅपटॉप पुन्हा कोरा करण्यापूर्वी



मध्यंतरी मंडळाच्या मराठी शाळेचा लॅपटॉप फारच रेंगाळू लागला. "तुम्ही डॉक्टरेटवाले, तुम्हीच बघा," म्हणून तो माझ्या घरी आला. मी रसायनशास्त्राचा माणूस, पण नाही म्हणवेना. रिकव्हरी सुरू केली आणि पडद्यावरची सूचना न वाचताच 'होय' म्हटले. लॅपटॉप नव्यासारखा झाला, पण मुलांनी घेतलेल्या आजी-आजोबांच्या मुलाखती पुसल्या गेल्या. त्यांतल्या एक आजी आता आपल्यात नाहीत. प्रयोगशाळेत बाटलीवरची चिठ्ठी दोनदा वाचणारा मी, इथे एकदाही वाचली नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

आपण विरजणापुरते दही बाजूला काढून ठेवतो ना, तसेच हे आहे. लॅपटॉप बनवणारी कंपनी डिस्कचा एक भाग राखून त्यात मूळ विंडोजची प्रत ठेवते. हेच रिकव्हरी पार्टिशन. त्यातून विंडोज परत येते. आपले फोटो, पत्रे, हिशेब येत नाहीत. शिवाय येते ती विकत घेतानाची विंडोज. मूळची विंडोज ७ असेल तर तिची सुरक्षा-दुरुस्ती १४ जानेवारी २०२० ला थांबली, विंडोज १० ची सर्वसाधारण मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. तेव्हा पुढची आवृत्ती त्या यंत्रावर चालेल का, हे आधी पाहावे.

आता क्रमाने:

१. सर्व फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवा. त्यांतल्या दोन-चार दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा.

२. डिस्क कुलूपबंद असेल तर बिटलॉकरची ४८ अंकी किल्ली मागितली जाते. ती बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सापडते. कागदावर लिहून ठेवा.

३. चार्जर लावा. काम अर्धवट तुटता कामा नये.

४. विंडोज १० किंवा ११ मध्ये शिफ्ट दाबून धरून 'रीस्टार्ट' निवडा, मग 'ट्रबलशूट'. 'रीसेट' मधल्या 'कीप माय फाइल्स' ने फाइली राहतात, पण नंतर बसवलेले प्रोग्रॅम जातात. 'रिमूव्ह एव्हरीथिंग' म्हणजे सगळेच जाते. कंपनीची मूळ प्रत हवी असेल तर सुरू होताना ठरावीक कळ दाबावी लागते: बऱ्याच एचपींवर एफ-११, एसरवर आल्ट आणि एफ-१०, जुन्या आसुसवर एफ-९. कित्येक लेनोवोंवर 'नोव्हो' नावाचे बारीक बटण असते.

विरजण आणि दही एकाच भांड्यात असल्यासारखी एक अडचण मात्र आहे. डिस्कच बिघडली तर राखीव प्रतही जाते. म्हणून यंत्र धडधाकट असतानाच किमान १६ जीबीच्या रिकाम्या यूएसबीवर 'रिकव्हरी ड्राइव्ह' करून ठेवा. त्या यूएसबीवरचे आधीचे सारे पुसले जाते, हे विसरू नका.

पुढच्या शनिवारी शाळा सुटल्यावर मी तासभर थांबेन. यूएसबी घेऊन या, मिळून करू. आणि एक विनंती: त्या मुलाखती कोणाच्या फोनवर राहिल्या असतील तर कृपया मला कळवा.