मशेरी : दंतमंजनाच्या आड दडलेले व्यसन

मादक पदार्थ म्हटले की गांजा, अफू डोळ्यांसमोर येतात; चुलीवर भाजली जाणारी मशेरी त्यांत कोणी धरीत नाही. पोर्तुगीजांबरोबर भारतात आलेला तंबाखू महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात, विशेषतः स्त्रियांमध्ये, या रूपाने रूढ झाला. तव्यावर काळा होईतो भाजलेल्या तंबाखूची पूड दातांना लावतात. त्यातील निकोटीन हिरड्यांवाटे रक्तात व तेथून मेंदूत पोचते आणि तरतरी वाटते. ती ओसरली की डोके दुखते, चिडचिड होते. पुन्हा मशेरी लावताच बरे वाटते. हे दुखणे मशेरीनेच निर्माण केलेले असते, हे मात्र ध्यानात येत नाही. मग सकाळची मशेरी दुपारी व रात्रीही लागू लागते. चारचौघांत विडी न ओढणारी स्त्री मशेरी मात्र निःसंकोच लावते. गर्भवतीच्या या सवयीमुळे मूल कमी वजनाचे जन्मण्याचा धोका वाढतो.

दंतमंजनात तंबाखू घालण्यास केंद्र शासनाने १९९२ मध्ये बंदी केली. पण घरच्या तव्यापर्यंत ती पोचत नाही. गर्भवतीस ‘तंबाखू खाता का?’ असे विचारल्यास ‘नाही’ असेच उत्तर येण्याचा संभव अधिक, आणि तिच्या समजुतीप्रमाणे ते खरेच असते. तिला मशेरीविषयी वेगळे विचारावे लागते.