टॅबलेटवरून दिवे लागेनात, तेव्हा...

बिलोलीतल्या शाळेचे स्नेहसंमेलन असो की नांदेडच्या कुसुम सभागृहातला नाट्यप्रयोग, टॅबलेट हाती असला की रंगमंचावर उभे राहूनच एकेक दिवा तपासता येतो. दिव्यांच्या कन्सोलशी टॅबलेटची जोडणी तुटली, तर हा क्रम धरा.

● केबल : वाय-फाय मिळते, पण कन्सोल सापडत नाही? आधी कन्सोल ते राउटर ही लॅन केबल तपासा.

● आयपी पत्ता : दोन्ही उपकरणे एकाच नेटवर्कमध्ये हवीत. उदा. कन्सोल १९२.१६८.१.१०, टॅबलेट १९२.१६८.१.२०, सबनेट मास्क दोन्हीकडे २५५.२५५.२५५.०. टॅबलेटचा पत्ता १६९.२५४ने सुरू होत असेल, तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही.

● टॅबलेटची सेटिंग : राउटरला इंटरनेट नसले की अँड्रॉइड टॅबलेट मोबाइल डेटाकडे वळू शकतो, डेटा बंद ठेवा. आयपॅडवर ॲपला ‘लोकल नेटवर्क’ची परवानगी द्या.

● गर्दी : तालमीत चालते आणि प्रेक्षक आले की अडते? शेकडो मोबाइल आणि माणसांची शरीरे २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींना अडथळा आणतात. १, ६, ११ यांपैकी मोकळे चॅनल निवडा किंवा ५ गिगाहर्ट्झ वापरा. त्याचा पल्ला मात्र कमी. राउटर प्रेक्षकांच्या डोक्यांहून उंच ठेवा.

● वीज : कन्सोलबरोबर राउटरही यूपीएसवर हवा.

लक्षात ठेवा : टॅबलेटची जोडणी तुटली तरी कन्सोल डीएमएक्स केबलवरून दिवे चालवतच राहतो. म्हणून टॅबलेट तयारीसाठी वापरा. प्रयोगाचे क्यू कन्सोलवरूनच द्या.