पोरीचा खांदा आणि बंदुकीची लाथ

राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा पत्ता आता कुणाला सांगावा लागत नाही. त्या गावच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुण मिळवले आणि कांस्यपदक घेतले. खाशाबा जाधव यांच्या १९५२ च्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक पदक मिळाले ते ७२ वर्षांनी. त्याआधी २०१० साली कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत म्युनिकला जगज्जेत्या झाल्या होत्या. त्यामुळे आमच्या भागात कुस्तीच्या तालमीइतकीच आता रायफलची चौकशी होते. पोरगं किंवा पोरगी नेम धरायला लागली, की सहा महिन्यांत बाप विचारतो, "बंदूक कुठली घ्यायची वो? आणि पडते केवढ्याला?"

हाच प्रश्न गेल्या दिवाळीत आमच्या घरात आला. चुलत भावाची मुलगी बावीस वर्षांची. उंची पाच फूट, वजन छेचाळीस किलो. तीन वर्षं ती पॉइंट टू टूच्या रायफलीने ५० मीटरवर नेम मारते, आणि चांगला मारते. तिच्या मनात आलं, आता ३०० मीटरचा प्रकार खेळावा. बाहेरगावच्या एका रेंजवर प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली तिने ओळखीच्या एका नेमबाजाची मोठ्या काडतुसाची रायफल चालवून पाहिली. वीस बार काढले. संध्याकाळी खांदा निळा पडला, ते चार दिवसांत गेलं. पण पुढच्या आठवड्यात ती परत आपल्या पॉइंट टू टूवर आली, तर गोळ्या खाली आणि उजवीकडे जाऊ लागल्या. हातातली बंदूक तीच, काडतूस तेच, आणि पोरगी चाप ओढायच्या क्षणी डोळे मिटत होती.

भाऊ म्हणाला, "तिला सोसंल अशी लांब पल्ल्याची रायफल बांधूनच घेऊ. दोन म्हशी काढतो."

वाचकहो, दोन म्हशी काढण्याआधी काय बघायचं, ते आम्ही या निमित्ताने शिकलो. तुमच्या घरातही असा हिशेब चालू असेल तर पुढचं जरा सावकाश वाचा.

पहिली गोष्ट म्हणजे धक्का येतो कुठून? गोळी आणि दारूचा वायू पुढे जातो, तेवढ्याच नेटाने बंदूक मागे येते. यात गोळीचं वजन, तिचा वेग, दारू किती आणि बंदूक किती जड, एवढ्या चारच गोष्टींचा हिशेब आहे. रिकाम्या बैलगाडीला धक्का दिला तर ती पळत सुटते, उसाने भरलेल्या गाडीला तेवढाच धक्का दिला तर ती जेमतेम हलते. बंदुकीचंही तसंच.

आता आकडे बघा. पॉइंट टू टूची गोळी २.६ ग्रॅमची, वेग सेकंदाला सुमारे ३३० मीटर. सहा किलोच्या रायफलीत तिचा धक्का एका ज्यूलच्या दहाव्या हिश्शाहून कमी. ज्यूल म्हणजे काय, तर एक किलोची साखरेची पिशवी साधारण दहा सेंटिमीटरवरून पडली की जेवढा मार बसतो तेवढा. म्हणजे पॉइंट टू टूचा धक्का नसल्यातच जमा. याउलट आमच्या पोरीने चालवलेली पॉइंट थ्री झिरो एट. गोळी ११ ग्रॅमच्या आसपास, वेग ८०० मीटर, दारू पावणेतीन ग्रॅम. ती रायफल होती चार किलोची. हिशेब केला तर धक्का १८ ज्यूलच्या घरात. तीच एक किलोची पिशवी पावणेदोन मीटरवरून खांद्यावर पडली समजा, आणि असं वीस वेळा. छेचाळीस किलोच्या मुलीने दचकायचं नाही तर काय करायचं?

तेच काडतूस आठ किलोच्या रायफलीत घातलं तर धक्का निम्म्यावर, म्हणजे नऊ ज्यूलवर येतो. आणि काडतूसच बदललं तर आणखी उतरतो. ३०० मीटरला परदेशातले अनेक नेमबाज सहा मिलिमीटरचं बीआर नावाचं आखूड काडतूस वापरतात. त्याची गोळी सात ग्रॅमहून कमी, दारू दोन ग्रॅमच्या आत. आठ किलोच्या रायफलीत याचा धक्का चार ज्यूलच्या आसपास राहतो. अठरावरून चारवर! नेमात काही कमी पडत नाही, कारण ती गोळी लांबट आणि निमुळती असते, वाऱ्याला फार बळी पडत नाही. तेव्हा धक्क्याची भीती असलेल्या माणसाने मोठ्या तोंडाच्या काडतुसामागे लागू नये, हे आमचं स्पष्ट मत. दुकानदार सांगतील "सवय होते". सवय होते खरी, पण ती दचकायची होते.

मग आठ किलोचीच घ्यावी का? इथं घोळ आहे. आंतरराष्ट्रीय नियमात ३०० मीटरच्या रायफलीला आठ किलोची कमाल मर्यादा आहे, म्हणून सगळे तिकडे धावतात. पडून नेम मारताना आठ किलो चालतात, कारण भार कोपरावर आणि पट्ट्यावर जातो. उभं राहून मारायचं तर तेच आठ किलो डाव्या हाताच्या हाडावर आणि कमरेवर येतात, आणि छेचाळीस किलोच्या देहाने ते तासभर पेलायचे म्हणजे गंमत नाही. पाठ धरते, मांड्या थरथरतात, आणि थरथरणारा नेम कुठं जातो ते सांगायला नको. आमच्या प्रशिक्षकांचा सल्ला असा, की मूळ रायफल साडेपाच-सहा किलोची बांधा आणि नळीखाली व दस्त्याखाली वजनं चढवायची सोय ठेवा. पडून मारताना वजन चढवायचं, उभ्याने मारताना उतरवायचं. नेमबाज ताकदवान झाली की वजन वाढवता येतं. जड बांधलेली रायफल पुढं हलकी करणं मात्र अवघड.

नळीच्या तोंडाला ब्रेक बसवला की वायू बाजूला फेकला जातो आणि धक्का बराच कमी होतो, हे खरं आहे. शिकारीच्या आणि लांब पल्ल्याच्या परदेशी रायफलींवर तो सर्रास दिसतो. पण आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या नियमात रायफलीला असा ब्रेक चालत नाही. शिवाय त्याने आवाज मागे आणि बाजूला फुटतो, शेजारच्या माणसाचे कान बधिर होतात. तेव्हा स्पर्धा खेळायची असेल तर ब्रेकवर पैसे घालू नका. भाऊ त्याच्यासाठी आगाऊ रक्कम द्यायला निघाला होता!

आता दस्ता. माझ्या मते अर्धं दुखणं इथंच आहे. त्या उसन्या रायफलीचा दस्ता सहा फुटी गड्याच्या मापाचा होता. पोरीचा हात चापापर्यंत पोचावा म्हणून तिने बट खांद्याच्या खोबणीतून सरकवून दंडावर घेतलं होतं. बट आणि खांदा यांच्यात बोटभर फट राहत होती. फट राहिली की बंदूक आधी वेग घेते आणि मग येऊन आदळते. घट्ट लावलेली बंदूक ढकलते, सैल धरलेली लाथ मारते. शिवाय मान ताणून गाल पट्टीवर टेकवायला लागत होता, त्यामुळे प्रत्येक बाराला गालफडावरही टपली.

म्हणून बांधून घेताना माप द्यायचं ते असं. कोपर काटकोनात वाकवा. कोपराच्या खोबणीला बट लावलं की चापाच्या बोटाचं पहिलं पेर चापावर सहज आलं पाहिजे, ही मोटामोटी खूण. खरं माप मात्र नेमबाजीचं जाड कॅनव्हासचं जाकीट अंगात घालूनच घ्या, कारण त्याच्या जाडीने हिशेब बदलतो. बट वर-खाली आणि आत-बाहेर सरकणारं हवं. मुलींच्या छातीच्या आणि गळपट्टीच्या हाडाच्या ठेवणीप्रमाणे ते तिरकं करता आलं पाहिजे. गालाची पट्टी उंच-सखल होणारी हवी. बटावर रुंद, मऊ रबर असावं, म्हणजे तोच धक्का जास्त जागेवर वाटला जातो. आणि नळीची रेषा खांद्याच्या जितकी समोर येईल तितकं बरं. बट खाली असलं की नळीचं तोंड वर उसळतं.

लाकडाचा कोरीव, मापाचा दस्ता दिसायला देखणा असतो, यात वाद नाही. पण वयात येणाऱ्या पोरांसाठी तो घेऊ नका. दोन वर्षांत खांदे रुंदावले की देखणा दस्ता कोपऱ्यात पडतो. अॅल्युमिनियमचा, सगळीकडे फिरणारा दस्ता दिसतो यंत्रासारखा, पण पोराबरोबर वाढतो.

चापाबद्दल एवढंच, की तो हलका आणि स्वच्छ तुटणारा हवा. जड चाप ओढताना माणूस बाराची वाट बघतो, आणि वाट बघणारा दचकतो.

आता खरी गंमत सांगतो. दचकण्याचा इलाज बंदुकीच्या दुकानात अर्धाच मिळतो. प्रशिक्षकांनी आमच्या पोरीला न सांगता तिच्या काडतुसांत अधूनमधून दारू नसलेली खोटी काडतुसं मिसळली. खोटं काडतूस आलं, चाप ओढला, बार झाला नाही, आणि नळीचं तोंड सगळ्यांसमोर वीतभर खाली गेलं. पोरगी लाजली. पण तिला स्वतःला दिसलं, की गोळी बंदूक चुकवत नाही, आपण चुकवतोय. त्यानंतर महिनाभर कोरडा सराव, म्हणजे बंदूक रिकामी आहे याची दोनदा खात्री करून भिंतीवरच्या ठिपक्यावर नुसता चाप ओढायचा. मग दहा मीटरची एअर रायफल. मग पॉइंट टू टू, आणि पाच काडतुसांत दोन खोटी.

कानाचंही विसरू नका. पुष्कळ जण धक्क्याला भितात असं वाटतं, प्रत्यक्षात ते आवाजाला भितात. कानात बोळे आणि वर कर्णकवच, असं दुहेरी घालून बघा. आमच्या पोरीचा निम्मा दचका तिथंच गेला. हे शंभर-दोनशे रुपयांच्या बोळ्यांनी झालं, म्हैस विकावी लागली नाही.

कागदपत्रांचं बोलू. साध्या ४.५ मिलिमीटरच्या, वीस ज्यूलपर्यंतच्या एअर रायफलीला शस्त्र परवाना लागत नाही. त्यापुढच्या बंदुकीला १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवाना हवा, आणि तो वयाची एकवीस वर्षं पूर्ण झाल्यावर. त्याखालच्या नेमबाज मुलांना प्रशिक्षणापुरते वेगळे नियम आहेत, ते क्लबकडून समजून घ्या. परदेशी रायफल आणायची तर नेमबाजाचा दर्जा, राष्ट्रीय रायफल असोसिएशनची शिफारस आणि आयातीची परवानगी, अशी साखळी आहे. (ही असोसिएशन १९५१ साली उभी केली ती लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळणकर यांनी. आपल्याच मातीतलं आडनाव आहे, म्हणून सांगितलं.) कुठलं काडतूस कुठल्या परवान्यात बसतं, हे आगाऊ पैसे देण्याआधी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र शाखेत विचारा. काही मापं लष्करी काडतुसांची म्हणून सर्वसाधारण परवान्यात येत नाहीत. आणि पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची घरातली बारा बोर पोरांच्या हातात "बघ जरा" म्हणून कधी देऊ नका. तो गुन्हा आहे, आणि हलक्या एकनळीची लाथ अशी बसते, की पोराच्या मनातून नेमबाजीच उतरते.

शेवटचा हिशेब काडतुसांचा. म्हैस घेताना माणूस तिची किंमत बघतो, वैरणीची बघत नाही. रायफल एकदाच घ्यायची, काडतुसं रोज लागतात. मोठ्या काडतुसाचा एक बार पॉइंट टू टूच्या कितीतरी पट महाग पडतो, आणि त्याने नळीही लवकर झिजते. त्यात ३०० मीटरच्या रेंजा गावोगावी नाहीत, बहुतेक लष्कराच्या ताब्यात आहेत. सरावाला प्रवास, मुक्काम, परवानगी, सगळं आलं. त्यामानाने ५० मीटरचं लक्ष्य बघा. दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, शेंगदाण्याएवढं. कुसाळ्यांनी ऑलिम्पिकचं पदक आणलं ते याच अंतरावर, याच बारक्या काडतुसाने. लांब पल्ला म्हणजेच मोठेपण, असं काही नाही.

भावाने म्हशी ठेवल्या आहेत. पोरीने सध्याच्याच रायफलीला सरकतं बट आणि मापाची गालपट्टी बसवून घेतली, तेवढा खर्च दुधाच्या एका बिलात निघाला. परवा रेंजवर गेलो तेव्हा ती पडून मारत होती. पाचातलं तिसरं काडतूस खोटं निघालं. खट् एवढाच आवाज आला, आणि नळी जागची हलली नाही. तिने मान न वळवता बोल्ट मागे घेतला आणि म्हणाली, "काका, सहा मिलिमीटरचं विचारून ठेवा मात्र. पुढच्या सालासाठी."