चेहरा रुंद, तरी दातांना जागा का नाही?

"डॉक्टर, हिचा चेहरा चांगला रुंद आहे. जबड्यात जागा असणारच. मग दात काढायचे कशाला?" बारा वर्षांच्या मुलीला घेऊन आलेल्या एका आईंनी हा प्रश्न विचारला. मुलीचे खालचे पुढचे दात एकमेकांवर चढलेले, वरचे सुळे बाहेर आलेले. तारा बसवण्याआधी चार उपदाढा, म्हणजे सुळ्यांमागच्या लहान दाढा, काढाव्या लागतील असे तिला दुसरीकडे सांगितले होते. न किडलेले दात काढायचे म्हटल्यावर कोणत्या आईचा जीव खालीवर होणार नाही?

आईंची शंका चुकीची म्हणता येणार नाही. रुंद चेहऱ्याच्या माणसांत दातांची कमान सरासरीने रुंद असते, लांबट चेहऱ्यात अरुंद. त्यामुळे चेहऱ्याच्या मापावरून कमान किती असावी हे ठरवण्याचे प्रयत्न पूर्वी झाले. १९०९ साली पाँ या फ्रेंच दंतवैद्याने दातांच्याच रुंदीवरून सूत्र काढले. वरच्या पुढच्या चार दातांच्या रुंदीची बेरीज ३२ मिलिमीटर असेल, तर दोन्हीकडच्या पहिल्या उपदाढांमध्ये ४० आणि पहिल्या मोठ्या दाढांमध्ये ५० मिलिमीटर अंतर हवे. पाठ करायला सोपे! मात्र हे फ्रेंच लोकांवरून काढलेले माप असून इतर लोकांत ते तपासून पाहावे, असे पाँ यांनीच सुचवले होते. पुढे तपासले तेव्हा संबंध सैल निघाला. सरासरी पुष्कळ जणांची असते, समोर बसलेली मुलगी एकच असते.

दातांचा आकार आणि हाडांचा आकार एकमेकांना विचारून वाढत नाहीत. चेहऱ्याच्या रुंदीत गालाचे हाड, स्नायू, चरबी सगळे आले. शिवाय आतून जीभ आणि बाहेरून ओठ-गाल यांच्या दाबांमध्ये दात स्थिरावतात. बराच काळ अंगठा चोखणाऱ्या मुलाची वरची कमान अरुंद होऊ शकते, चेहरा कितीही रुंद असो.

मग कमानच रुंद करू, असे वाटेल. वरच्या टाळूच्या मधला सांधा लहान वयात पक्का झालेला नसतो. वरच्या दाढा खालच्यांच्या आत बसत असतील, तर स्क्रू असलेल्या उपकरणाने टाळू रुंद करता येतो. खालच्या जबड्यात तशी सोय नाही. कायमचे खालचे सुळे आल्यावर त्यांच्यातले अंतर फारसे वाढत नाही, आणि तारेने वाढवले तर तार निघाल्यावर बहुधा आकसते. अमेरिकेतले एडवर्ड अँगल एकही दात काढू नये या मताचे होते. त्यांच्याच शिष्याने, चार्ल्स ट्वीड यांनी, आपले जुने रुग्ण पुन्हा तपासले. अनेकांचे दात बिघडलेले दिसले, तेव्हा दात काढून त्यांच्यावर नव्याने उपचार केले.

म्हणून आम्ही चेहऱ्यावर विसंबत नाही. प्लॅस्टरचे ठसे घेऊन प्रत्येक दात मोजतो, बाजूने डोक्याचा एक्स-रे काढतो, ओठांची ठेवण पाहतो. जागा थोडीच कमी असेल तर दात न काढताही भागते. या मुलीच्या खालच्या जबड्यात ९ मिलिमीटर जागा कमी भरली. ठसा हातात घेऊन आई बराच वेळ पाहत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "चेहरा माझा घेतला आणि दात वडिलांचे!" चार उपदाढा काढायला त्या तयार झाल्या.

धाकटा मुलगा सात वर्षांचा आहे. त्याला लगेच दाखवायला सांगितले. त्याची दुधाची एक दाढ किडली आहे. ती वेळेआधी गेली तर मागची दाढ पुढे सरकून नव्या दाताची जागा खाईल, तेव्हा ती भरून वाचवायची.